बेकारांनी टाइप केलेली अमेरिका : लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फुकट संग्रह वापरून बघितला

आधी भाव सांगतो, कारण आमच्याकडं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी तेच विचारतं. भाव शून्य. खातं उघडायला नको, मोबाइल नंबर द्यायला नको, ओटीपीची वाट बघायला नको. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जायचं, 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' हे शब्द इंग्रजीत टाकायचे आणि अमेरिकेतल्या बेकारांनी सरकारी पगारावर टिपलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींची टाइप केलेली पानं समोर येतील, ती वाचत बसायचं. आवडलं ते उतरवून घ्यायचं. बरेच दिवस दुकानाचं शटर ओढल्यावर मी हेच करतोय. घरात त्यावरून बोलणी खातोय. तरी पाचपैकी साडेचार देतोय. अर्धा कुठं कापला ते पुढं येईल.

मी कोण ते थोडक्यात. वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. रेमिंग्टनच्या खडखडाटात मी मोठा झालो. पुढं मशिनं गेली, कॉम्प्युटर आला, इन्स्टिट्यूटचं डीटीपीचं दुकान झालं. जिल्हा कोर्ट सीपीआर रुग्णालयासमोर होतं तेव्हापासून प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. त्याशिवाय लग्नपत्रिका, निविदा आणि पेठांतल्या मंडळांच्या स्मरणिका. कोल्हापुरात तालीम मंडळ म्हटलं की आज ना उद्या स्मरणिका निघतेच, आणि ती निघाली की पहिली पन्नास पानं माझ्या नजरेखालून जातात. अध्यक्षांचं मनोगत, कार्याध्यक्षांचं मनोगत, आमदारांचा शुभसंदेश, मग जाहिराती. जुन्या माणसांच्या आठवणी शेवटी, जागा उरली तर.

यंदा एका तालमीच्या पोरांनी वेगळं ठरवलं. पेठेतले म्हातारे मल्ल, शाहू मिलमध्ये खाती सांभाळलेली माणसं, स्टुडिओत सेट उभे करणारे सुतार, पंचगंगेवर धुणी धुतलेल्या आक्का, सगळ्यांकडं जायचं आणि मोबाइलवर बोलणं टिपायचं. टाइप करायला माझ्याकडं. पहिल्या फायली आल्या त्या ऐकून मी कपाळाला हात लावला. पोरगं विचारतंय, "वस्ताद, तुमच्या वेळी खुराक लई चांगला असायचा न्हवं?" वस्ताद म्हणतात, "व्हय." "आताच्या पोरांत दम न्हाई न्हवं?" "न्हाई." संपली मुलाखत. माझ्याकडं थिसिसचं काम घेऊन येणाऱ्या एका प्राध्यापक बाईंना हे ऐकवलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, हे काम अमेरिकेत सरकारी पगारावर झालंय. बघा जरा." तिथून मी या संकेतस्थळावर पोचलो.

हे प्रकरण काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पानं बघून काही कळत नाही. १९२९ ला अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, १९३३ पर्यंत दर चारातला एक कामगार घरी बसला. रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मे १९३५ मध्ये त्यांनी डब्ल्यूपीए नावाचं खातं काढलं. नुसता पैसा वाटायचा नाही, काम द्यायचं आणि मजुरी द्यायची. आठ वर्षांत ८५ लाखांच्या आसपास माणसं त्या खात्याच्या पगारावर येऊन गेली. बहुतेकांनी रस्ते केले, पूल बांधले, शाळा उभ्या केल्या. पण बेकारांत नुसते गवंडी नव्हते. नट होते, वादक होते, चित्रकार होते, आणि बंद पडलेल्या वर्तमानपत्रांतले बातमीदार, नोकरी गेलेले मास्तर, ग्रंथपाल, वकिलांचे कारकून, टायपिस्टही होते. या लोकांना कशाला सरकारी पैसा, असं विचारल्यावर डब्ल्यूपीएचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स म्हणाले होते, "अहो, त्यांनाही इतरांसारखंच खायला लागतं." तेवढ्या एका वाक्यावर माझ्या धंद्याच्या वतीनं मी त्यांना नमस्कार केला.

लेखकांसाठीचा विभाग जुलै १९३५ मध्ये सुरू झाला. प्रमुख हेन्री ऑल्सबर्ग. भरात असताना साडेसहा हजारांवर माणसं एका वेळी कामावर होती. आत यायचं तर बहुतेकांना आधी आपण मदतीच्या यादीतले गरीब आहोत हे सिद्ध करावं लागे. ही अट मला नीट कळते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्या टेबलासमोर उभी राहणारी शिकलीसवरलेली माणसं कशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उत्तरं देतात, ते मी रोज बघतो. पगार राज्याप्रमाणं. न्यूयॉर्कमध्ये महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास, जॉर्जिया-मिसिसिपीत चाळिसाच्या आत.

त्यांचं मुख्य काम होतं राज्याराज्यांची मार्गदर्शक पुस्तकं काढणं. आपल्याकडं इंग्रजांनी १८८६ मध्ये कोल्हापूरचं गॅझेटियर काढलं, त्या जातीचं, पण साहेबाला राज्य चालवायला नाही तर सामान्य माणसाला मोटार घेऊन फिरायला. त्यांत भांडणंही झाली. मॅसॅच्युसेट्सच्या पुस्तकात साको आणि व्हान्झेटी या विजेच्या खुर्चीत देहदंड दिलेल्या दोन इटालियन कामगारांवर, बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा बुडवला त्या प्रकरणापेक्षा जास्त ओळी आल्या म्हणून तिथल्या गव्हर्नरपर्यंत बोंब गेली. वाचून बरं वाटलं. कुणाच्या नावाला किती ओळी आल्या ते पट्टी लावून मोजणारे कार्यकर्ते फक्त आमच्याच पेठेत आहेत असा माझा समज होता.

पुस्तकांचं काम चालू असताना हीच माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलत होती. ते बोलणं या संग्रहात आहे. दोन मोठे भाग. एकात १९३६ ते १९४० मधल्या सामान्य माणसांच्या जीवनकथा, जवळपास २,९०० दस्तऐवज, २४ राज्यांतले, ३०० च्या वर लेखकांनी लिहिलेले. दुसऱ्यात १९३६ ते १९३८ दरम्यान गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांनी सांगितलेल्या हकिगती, २,३०० च्या वर, आणि सोबत ५०० फोटो. गुलामगिरी संपली १८६५ ला. म्हणजे सांगणारे बहुतेक ऐंशीच्या पुढचे. आणखी पाच-सात वर्षं कुणी गेलं नसतं, तर विचारायला फार थोडी माणसं उरली असती.

आता मालाकडं येतो. प्रत्येक दस्तऐवजाचं मूळ पान जसंच्या तसं दिसतं, आणि टायपिस्ट माणसाला इथंच गुंतायला होतं. रिबन संपत आलेली कळते. अक्षर चुकलं की मागं जाऊन त्यावर एक्स-एक्स-एक्स मारलेलं दिसतं. कार्बनची कितवी प्रत आहे याचा अंदाज येतो. पहिली ठसठशीत, चौथी म्हणजे धुकं. कडेला कुठल्यातरी साहेबानं पेन्सिलीनं केलेल्या खुणा आहेत. 'ओ'चं पोट शाईनं भरलंय, म्हणजे टाइप साफ केलेला नाही. वडील असते तर कुणाला किती मार्क पडले असते ते त्यांनी पान बघून सांगितलं असतं.

पण मी साडेचार देतोय ते या नॉस्टॅल्जियाला नाही. ते 'फॉर्म ए'ला.

लोककथा गोळा करणाऱ्यांना चार फॉर्म दिलेले होते. ए, बी, सी, डी. 'सी'मध्ये खुद्द मुलाखत, आणि वर छापलेलं की मजकूर संपादित न केलेला. 'बी'मध्ये सांगणाऱ्याची माहिती : मूळ घराणं, जन्म, कुटुंब, कुठं कुठं राहिला आणि कधी, शिक्षण, कामधंदे, अंगातलं कसब, देवधर्म, दिसायला कसा. 'डी'मध्ये आणखी काही सांगायचं असेल तर. आणि सगळ्यात आधी 'ए', म्हणजे मुलाखत कोणत्या परिस्थितीत झाली. तारीख आणि वेळ. जागा. सांगणाऱ्याचं नाव-पत्ता. तुमची गाठ कुणी घालून दिली त्याचं नाव. तुमच्याबरोबर आणखी कोण होतं. आणि सहावा मुद्दा, खोलीचं, घराचं, आजूबाजूचं वर्णन.

आम्ही कोर्टाजवळची माणसं. आमच्याकडं एखादी आजी येते, तिच्या तोंडी असतं, "त्येनं मला भाईर काढलं आन् दार लावून घेतलं बघ." मी टाइप करतो, "सदर इसमाने प्रतिज्ञार्थीस राहते घरातून बेकायदेशीररीत्या निष्कासित केले." वकिलाला तेच लागतं, कोर्टाला तेच लागतं, माझी तक्रार नाही. पण आजी त्या कागदात कुठंच उरत नाही. स्मरणिकांतही आम्ही तेच करतो, फक्त कायद्याच्या जागी अलंकार घालतो. अमेरिकेतल्या बेकार कारकुनांना वरून सांगितलेलं होतं की माणूस बोलला तसं उतरवा, आणि आपण कुठं, कुणाच्या ओळखीनं, कुणाला घेऊन गेलो होतो तेही लिहा. तिथं आवाज टिपायचं यंत्र नव्हतं बहुतेकांकडं. वहीत टिपून आणायचं, आठवायचं, मग मशिनवर बसायचं. त्यामुळं शब्दन् शब्द खरा असेल असं मी मानत नाही. पण कागद प्रामाणिक आहे. कुणी, कसा, कधी केला ते त्याच्या कपाळावर लिहिलंय.

एक नमुना सांगतो. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीत जून १९३८ मध्ये राल्फ एलिसन नावाचा पंचविशीच्या आसपासचा पोरगा लिओ गर्ली नावाच्या माणसाकडून गोष्ट ऐकतो. पुढं १९५२ मध्ये हाच एलिसन कादंबरीकार म्हणून गाजला, पण त्या दिवशी तो सरकारी मजुरीवरचा माणूस आहे. गोष्ट फ्लॉरेन्स, साउथ कॅरोलिना इथल्या एका काळ्या गड्याची. टोपणनाव 'स्वीट-द-मंकी'. हा गडी म्हणे अदृश्य व्हायचा. काळं मांजर कापून त्याचं काळीज काढलं, झाडावर उलटा चढला, देवाला शिव्या घातल्या, आणि विद्या मिळाली. मग गोऱ्यांच्या घरांतून, दुकानांतून माल गायब. पोलिस हैराण. आणि गर्ली शपथ घेऊन सांगतो की खोटं वाटत असेल तर फ्लॉरेन्सला जा आणि कुणालाही विचारा. वाचताना मला आमच्या वाड्यामागचे आण्णा दिसायला लागले. ते पन्हाळ्याच्या भुयाराची गोष्ट सांगतात तेव्हा शेवटी हेच म्हणतात, "जाऊन इचार की, कुणीबी सांगंल." ही शेवटची ओळ आमच्या पोरांनी 'अनावश्यक' म्हणून कापली असती, याची मला खात्री आहे.

दुसरा नमुना जास्त महत्त्वाचा. चार्ल्सटन शहर, सन १९३७, सुझन हॅमलिन नावाची शंभरी ओलांडलेली म्हातारी. या एकाच बाईकडं दोन वेगवेगळी माणसं जाऊन आली. एक जेसी बटलर, गोरी बाई. दुसरा ऑगस्टस लॅडसन, काळा माणूस. दोन्ही कागद संग्रहात आहेत. एकात नाव हॅमलिन आणि वय १०४, दुसऱ्यात हॅमिल्टन आणि १०१. बटलरबाईंच्या कागदात मालक भला माणूस. मालक लोक बहुतेक दयाळू होते का, असं विचारल्यावर म्हातारी म्हणते, तेव्हाही आतासारखंच, काही दयाळू काही दुष्ट. तीच म्हातारी लॅडसनला सांगते की पोरं विकली जात तेव्हा आयांचा आक्रोश कसा ऐकू यायचा. रात्री एका जोडप्याचं लग्न झालं आणि सकाळी मालकानं नवऱ्या मुलीला विकून टाकलं. मुलीची आई रस्त्यावर येऊन गोऱ्या बाईला तोंडाला येईल त्या शिव्या देत राहिली, पोलिसांना बोलवायची धमकी दिली तरी थांबेना.

यातला कुठला कागद खरा, हा वाद अभ्यासक घालतात. मला गंमत वाटली ती बटलरबाईंच्या पहिल्याच परिच्छेदाची. त्या लिहितात की म्हातारी दाराच्या आत पायरीवर बसलेली होती, मी तिची चौकशी करतेय हे ऐकून तिला वाटलं मी वेल्फेअर ऑफिसकडून आलेय, कारण पूर्वी तिला तिथून मदत मिळायची. आणि मी तिचा गैरसमज दूर केला नाही. झालं! सगळी मुलाखत त्या एका वाक्यानं उलगडते. जिला मदतीची आशा आहे ती बाई, गोऱ्या बाईसमोर, जुन्या गोऱ्या मालकाला कशाला वाईट म्हणेल? बटलरबाईंनी ते केलं हे बरोबर नव्हतं. पण त्यांनी ते लिहून ठेवलं, म्हणून आज कोल्हापुरात बसून मला तो कागद तोलता येतो.

आमच्या पोरांना हे सांगितलं तर ती गप्प झाली, कारण त्यांना लगेच आठवलं. गल्लीतली एक आजी त्यांच्याशी तासभर गोड बोलली होती, नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळे देवमाणूस होते. निघताना तिनं संजय गांधी निराधारचा रखडलेला अर्ज पोरांच्या हातात ठेवला होता.

बोलीबद्दलही इथून शिकण्यासारखं आहे. अमेरिकेतही साहेब लोकांना हा प्रश्न पडला होता, कारण दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं बोलणं उतरवताना गोरे लेखक स्पेलिंगची अशी मोडतोड करत की माणूस अडाणी आणि हास्यास्पद दिसायचा. स्टर्लिंग ब्राउन हे कवी आणि प्राध्यापक या प्रोजेक्टमधल्या काळ्या लोकांविषयीच्या विभागाचे संपादक होते. त्यांनी लेखी सूचना काढली की बोलण्याची ढब आधी सांभाळा, उच्चार हुबेहूब उतरवण्याची हौस त्यानंतर. पानं वाचताना दिसतं की ती सूचना सगळ्यांनी पाळलेली नाही. काही पानं वाचवत नाहीत. पण सूचना माझ्या कामाची आहे. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल बोलताना "मी गेल्तो", "मी करतो की" असंच बोलतात. मी इतकी वर्षं ते 'गेले होते' करून टाइप करत आलोय. आता स्मरणिकेत 'गेल्तो' तसंच राहणार. पण 'म्हणाली' ऐवजी 'म्हंटली', 'काय' ऐवजी 'क्कॉय' असली कसरत नाही. तेवढी सीमारेषा ब्राउनसाहेबांनी आखून दिली.

कागद वाचून डोळे दुखले तर आवाजही आहेत. फ्लॉरिडाच्या भागात डब्ल्यूपीएच्या लोकांनी केलेली ध्वनिमुद्रणं आहेत, आणि त्यात झोरा नील हर्स्टन ही लेखिका १९३९ मध्ये जॅक्सनव्हिलला स्वतः गाते. रेल्वेचे रूळ सरळ करणारे मजूर पहारीच्या ठेक्यावर म्हणायचे ती गाणी. मुद्रण करणारा विचारतो, तुम्ही गाणी गोळा कशी करता? ती सांगते की मी त्यांच्या घोळक्यात शिरते, ते गातात ते ऐकते, मग त्यांच्याबरोबर म्हणायला लागते, आणि त्यांनी 'जमलं' म्हटलं की मगच ते मला येतं असं धरते. आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या अशाच आल्या होत्या. गुऱ्हाळावरची गाणी ठाऊक असलेले गुळवे अजून करवीर तालुक्यात सापडतील. त्यांच्याकडं हर्स्टनबाईंच्या पद्धतीनं जायला कोण तयार आहे ते विचारतोय. अजून हात वर आलेला नाही.

आता अर्धा गुण का कापला. पहिलं म्हणजे सगळं इंग्रजीत, त्यातही बोलीतलं इंग्रजी. बारावीपर्यंतच्या पोराला दमवणारं. गूगलच्या भाषांतरानं स्वीट-द-मंकीचं 'गोड माकड' होतं आणि गोष्टीची माती. दुसरं, फिक्या कार्बन प्रतीवरून यंत्रानं वाचलेल्या मजकुरात शोधायचं म्हटलं तर नेमका शब्द निसटतो, तेव्हा नुसत्या शोधावर विसंबू नये. राज्य निवडून पानं चाळावीत. तिसरं, मोबाइलवर नाद करू नका. टाइप केलेलं पान मोबाइलवर वाचणं म्हणजे चावीच्या भोकातून अंबाबाईचं दर्शन घेणं. मोठा पडदा हवा, नाहीतर प्रिंट. चौथी गोष्ट संग्रहाची नाही, त्या काळाची. सगळीकडं चारही फॉर्म भरलेले नाहीत. काही राज्यांत माणसांची नावं बदलून गोष्टीसारखं लिहिलंय. गुलामगिरीच्या हकिगती घ्यायला गेलेल्यांत गोऱ्यांचं प्रमाण फार. ते ध्यानात ठेवूनच वाचायला लागतं.

हे काम तसं फार टिकलंही नाही. १९३८ मध्ये तिथल्या संसदेत डाइस समितीनं यात कम्युनिस्ट घुसलेत म्हणून चौकशी लावली, १९३९ मध्ये ऑल्सबर्ग गेले, कारभार राज्यांकडं गेला, आणि १९४३ पर्यंत सगळं आवरलं. महायुद्धानं बेकारीच संपवली होती.

वाचता वाचता आपल्याकडचं आठवणार हे उघड आहे. माझी मावशी आटपाडीची. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. दिवसभर हातोडा, वाटेला सुकडी. त्या कामांतूनच पुढं वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारी ही योजना अमेरिकेच्या डब्ल्यूपीएपेक्षा एक पाऊल पुढं होती असं माझं मत आहे. तिथं काम मागायचा हक्क नव्हता, इथं होता. पण काम म्हणजे टिकाव, फावडं आणि पाटी. पाझर तलाव, बंडिंग, रस्ता. मस्टरवर मावशीचा अंगठा असणार. खडी फोडताना बायका काय म्हणायच्या, ते टिपायला गावातल्या एखाद्या बेकार बी.ए. झालेल्या पोराला त्याच मस्टरवर घ्यावं असं कुणाला सुचलं नाही. मावशीला विचारलं तर ती म्हणते, "गाणी कसली रं, धुरळ्यानं तोंड उघडाय येत नव्हतं." आणि मग दोन म्हणून दाखवते.

सरकारनं लोकसाहित्य गोळाच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी सरकारी लोकसाहित्य समितीतून केवढं काम करून ठेवलंय. आणि जात्यावरच्या ओव्या तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सरकारशिवाय लाखाच्या वर जमवल्या, कुणी म्हटली, कुठल्या गावात, या नोंदीसह. त्याही आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. इंग्रजी जड जात असेल तर तिथूनच सुरुवात करा, मला राग येणार नाही. पण कुस्तीचा आखाडा, गिरणीचा भोंगा, स्टुडिओतलं प्लास्टर, महापुरात वाहून गेलेलं घर, यांचं काय? २०१९ च्या पुरानंतर माझ्या दुकानात लोक चिखलानं चिकटलेल्या फायली घेऊन यायचे, एकेक पान ब्लेडनं सोडवायला लागायचं. कागद गेला तर निदान माणसाला विचारता येतं. माणूस गेल्यावर ती सोय नाही.

वापरायचं कसं, ते सांगतो. आधी जीवनकथांच्या भागात जा, न्यूयॉर्क निवडा, कारण तिथं फॉर्म नीट भरलेले सापडतात आणि बोली त्यातल्या त्यात सोपी. एक दस्तऐवज अख्खा प्रिंट करा, फॉर्म ए सकट. गोष्ट नंतर वाचा, आधी ए आणि बी वाचा. मग सुझन हॅमलिनचे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. एवढं झालं की उरलेल्याची चटक आपोआप लागते.

आम्ही फॉर्म ए मराठीत करून घेतलाय, ए-फोरच्या एका बाजूत बसेल असा. पोरांची कुरकुर सुरू झाली आहे. 'गाठ कुणी घालून दिली' हा रकाना कशाला, आपण तर पेठेतलेच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, म्हणूनच. तू अध्यक्षांचा भाचा आहेस हे वस्तादांना माहीत होतं की नव्हतं? त्यावर रकाना राहिला. खोलीच्या वर्णनावर मात्र खरंच जीव ओततायत. एकानं भिंतीवरच्या गदा मोजून लिहिल्या, चांदीची कुठली आणि नुसता मुलामा कुठला यासकट.

त्यांच्या सहा मुद्द्यांत आम्ही सातवा घातलाय, बटलरबाईंच्या कृपेनं : 'आपण कशासाठी आलो असं समोरच्याला आधी वाटलं?' पहिल्या भरून आलेल्या फॉर्मवर, शाहू मिलमध्ये आयुष्य काढलेल्या एका आजोबांच्या नावापुढं, पोरानं लिहून आणलंय : 'घरफाळ्याचं आलाय असं वाटलं. पावती दाखवली. मग खुर्ची दिली.'